बोटभर वायर

“चूक नंतर सुधारता येती म्हणतीस. मग गाताना काय करायचं?”

भूपालआण्णा मगदुमांनी हा प्रश्न विचारला तेव्हा नेत्रा कानिटकर त्यांच्यापुढे लाकडी स्टुलावर बसली होती. हातात चहाचा कप होता आणि डोक्यात लंडनची पदवी. दोन्ही गरम होतं.

“आण्णा, आठ जण एकत्र गाताहेत असं धरा. एकाचा सूर जरासा हलला, तर बाकी सातांनी परत का गायचं? प्रत्येकाचा आवाज वेगळा घेऊन ठेवला, की चुकलेला तेवढा नंतर काढायचा. नवा घालायचा.”

“आणि आठबी जणं बरोबर गायली तर?”

“तसं... हल्ली होत नाही फारसं.”

“कसं हुईल? गरज काय पडलीया?”

नेत्राला हसू आलं आणि रागही आला. ती पुण्याहून कोल्हापूरला वाद घालायला आली नव्हती, मिक्सर न्यायला आली होती. पण पुण्याचं माणूस, वाद सोबत येतोच.

मिक्सर म्हटल्यावर ज्यांना खोबऱ्याची चटणी आठवते त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हा गाण्याच्या रेकॉर्डिंगचा मिक्सर. चार फूट लांब, हिरवट पत्र्याची पेटी. वर वाटीएवढाली आठ बटणं, पोटात जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह. आठ माइकांचे आवाज एका बाजूने आत शिरायचे, आत एकजीव व्हायचे आणि दुसऱ्या बाजूने एकाच वायरीतून टेपवर जायचे.

कोल्हापुरातल्या एका सिनेमाच्या स्टुडिओत ही पेटी होती आणि आण्णा तिथले मेकॅनिक. स्टुडिओ बंद पडला तेव्हा कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पडदे नेले, एकाने तर दरवाजा नेला. आण्णांनी हातगाडीवर ही पेटी घालून घरी आणली. बायको म्हणाली, “हिला आत घ्या आन् मला भाईर जागा करा.” बोलली तसं, पण दुसऱ्या दिवशी धूळ बसू नये म्हणून स्वतःचं नऊवारी लुगडं तिनेच पेटीवर घातलं. ती माउली गेली त्याला बारा वर्षं झाली.

नेत्राने एकोणिसाव्या वर्षी त्या स्टुडिओत मुद्रित झालेली एक जुनी टेप ऐकली होती. गाणारी बाई कोण, गाणं कुठलं, हे तिच्या लक्षातही राहिलं नाही. लक्षात राहिला तो आवाजाचा पोत. बाई जणू मांडीला मांडी लावून शेजारी बसली होती. त्या दिवशी नेत्राला जेवण गेलं नाही. तो आवाज कुठल्या यंत्रातून आला हे शोधण्यात तिने पुढची अकरा वर्षं घातली आणि शोधत शोधत ती या स्टुलापर्यंत आली.

तिच्या आधी मुंबईचा एक जण येऊन गेला होता. त्याला पेटी कापून तिचे आठ तुकडे करायचे होते, परदेशात एकेक तुकडा हौसेने घेतात म्हणे. आण्णांनी त्याला ताक पाजलं आणि रस्ता दाखवला.

नेत्राला पेटी अख्खी हवी होती. पण अख्खी असूनही ती आजच्या कामाची नव्हती, कारण आवाज आठ आणि बाहेर पडायचं दार एक. तिला प्रत्येक चॅनेलला, म्हणजे एकेका माइकच्या वाटेला, स्वतःचं दार काढायचं होतं. त्यासाठी आत आवाज पुढे पोचवणारे नवे ट्रान्सफॉर्मर, मागे नवी सॉकेटं.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेटीवरचं लुगडं बाजूला सारलं.

“तिसरं चॅनेल तुला दिलं. तुझं दार काढ. दहा दिवस. मला पटलं तर सगळी पेटी तुझी. न्हाई पटलं तर पुण्याची गाडी पाचला असती.”

“पटलं म्हणजे काय, आण्णा? मोजणार कशावर?”

“ते मला बी अजून ठाऊक न्हाई.”

पहिल्या दिवशी आण्णांनी तिला पेटीला हात लावू दिला नाही. वीज बंद केली, वायरीची पिनही भिंतीतून काढली, आणि मग एक साधा पंधरा वॅटचा दिवा दोन तारांनी आतल्या मोठ्या कंडेन्सरला टेकवला. दिवा लख्ख पेटला आणि हळूहळू विझला.

“बंद केलं म्हंजे मेलं न्हवं,” आण्णा म्हणाले. “तीनशे व्होल्ट आत दडून बसतंय.”

नेत्राला हे पुस्तकातून माहीत होतं. कंबरेवर डावा हात बांधून एकट्या उजव्या हाताने काम करायचं, हेही माहीत होतं, कारण दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. पण पुस्तकात वाचणं वेगळं. आण्णांचा डावा हात पेटी उघडताच आपोआप पाठीमागे गेला. पन्नास वर्षं तो तसाच जात होता. इतका, की रस्त्याने चालतानासुद्धा त्यांचा डावा खांदा किंचित मागे ओढलेला असायचा.

नेत्राने ते पाहिलं आणि मनातल्या मनात हात जोडले. तेवढी ती गुणग्राही होती.

मग पेटी पालथी झाली आणि पोट उघडलं.

आत कापडी वेष्टणाच्या वायरी होत्या. सोल्डरचे टाके बारीक, चकचकीत, एकसारखे. नेत्रा बघतच राहिली. असं काम हल्ली कुणी करत नाही, करायला वेळ नाही आणि डोळेही नाहीत. पण एक गोष्ट तिला खटकली. प्रत्येक वायर आपल्या ठिकाणी पोचण्याआधी उगाच एक वळण घेत होती. सरळ जायचं सोडून बोटभर लोंबत होती.

इतकं देखणं काम आणि त्यात हा गबाळेपणा!

आता नेत्राबद्दल एक सांगितलं पाहिजे. तिच्या वायरिंगचे फोटो लोक मोबाइलमध्ये जपून ठेवत. काटकोनात वळलेल्या, मिलिमीटर मोजून कापलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या वायरी. बर्लिनच्या एका माणसाने तिला विचारलं होतं, की तुम्ही हे हाताने करता का. या फोटोंचा तिला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

तिने कात्री घेतली.

तिसऱ्या चॅनेलमध्ये सत्तावीस वायरी होत्या. तिने एकेकीचं वळण काढलं, मोजून कापली, ताणून बसवली. शास्त्रही तिच्या बाजूने होतं. वायर जितकी लांब तितकी ती आजूबाजूची घरघर पकडते. जुना ट्रान्सफॉर्मर काढून तिने फळीवर ठेवला. तो केवढा थोरला, नारळाएवढा. त्याच्या जागी तिने आणलेला नवा बसवला. तो लिंबाएवढा होता, म्हणून वायरी आणखी आखूड झाल्या तरी चालणार होतं.

आण्णा अधूनमधून दारात येऊन उभे राहत. बघत. बोलत काही नसत.

पुण्यात कुणी नाव ठेवलं नाही म्हणजे कौतुकच समजतात. नेत्राने तसंच समजून घेतलं.

नवव्या दिवशी दुपार कलली तेव्हा काम झालं. पेटी सुलटी करून जागेवर ठेवली. व्हॉल्व्ह तापून लालसर झाले. मागच्या नव्या सॉकेटातून एक वायर स्पीकरला गेली. पुढे माइक उभा राहिला.

“कुणीतरी बोला,” नेत्रा म्हणाली.

बोलायला कुणी नव्हतं. आण्णा स्पीकरसमोर बसलेले, नेत्रा बटणांपाशी. तेवढ्यात आण्णांची सून सुवर्णा ओल्या हातांनी दारात आली आणि नेमकी माइकपुढे थांबली.

“मामा, दिस बुडाया आला. ताट वाढलंय. ही पेटी काय तुमच्या तोंडात घास घालणार हाय व्हय?”

मगदूम मंडळी जैन, सूर्य मावळल्यावर घरात कुणी जेवत नाही. त्यामुळे सुवर्णावहिनींची ही हाक रोजचीच होती. पण आज ती स्पीकरमधून आली.

आवाज खोलीभर झाला. सुवर्णावहिनींचा राग, त्या रागाखालची काळजी, बांगड्यांची किणकिण, बोलण्याआधी घेतलेला श्वास, सगळं आलं. पाठीमागे ना घरघर, ना खरखर. नेत्राच्या अंगावर काटा आला. एकोणिसाव्या वर्षीचा तो आवाज हाच होता, आणि आता तो स्वतःच्या दारातून स्वतंत्र बाहेर पडला होता.

आण्णांचे डोळे मिटलेले होते.

“सुवर्णा, परत म्हण.”

“काय परत म्हण? आमटी गार झाली!”

“...आईशप्पत,” आण्णा म्हणाले.

मग ते उठले. नेत्राजवळ आले. तिचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले.

“असलं काम मी उभ्या जन्मात केलं न्हाई. खोटं कशाला बोलू?”

नेत्राचे डोळे भरून आले. लंडनमध्ये तिला टोपी आणि झगा घालून पदवी दिली होती, तेव्हा असं झालं नव्हतं.

“मग पेटी...?”

“सकाळी बोलू.”

सकाळी आण्णा आंघोळ, देवदर्शन उरकून आले. तो दहावा दिवस होता. ते स्टुलावर बसले आणि फळीवरच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरकडे बोट केलं.

“तुझा काढ. ह्यो बसव.”

“का?”

“मला जुना ऐकायचाय.”

“पण आण्णा, काल तुम्हीच...”

“काल तुझा ऐकला. आज जुना ऐकतो.”

यात अवघड काय, असं नेत्राला वाटलं. अर्ध्या तासाचं काम. तिने दिवा टेकवून करंट उतरवला, डावा हात पाठीशी नेला, सहा टाके सोडवले, नवा ट्रान्सफॉर्मर उचलला आणि तो नारळ जागेवर ठेवला.

मग पहिली वायर धरली. वायर पोचेना.

दुसरी धरली. तीही बोटभर अलीकडेच राहिली.

तिसरी तिने हळूच ओढली. पन्नास-साठ वर्षांचं कापडी वेष्टण फाटलं आणि तार मुळातून तुटून तिच्या हातात आली.

आण्णा बघत होते.

“जोड द्यावा लागेल,” नेत्रा पुटपुटली.

“दे की.”

“...माइकच्या वायरीला जोड दिला तर आवाज खराब होतो.”

“व्हय. होतो.”

बाहेर सुवर्णावहिनी कुणाशी तरी भाजीवरून भांडत होत्या.

नेत्राचे कान तापले. तिने आण्णांकडे पाहिलं आणि तिच्यातली पदवी बोलली.

“पण जुना परत बसवायचाच कशाला, आण्णा? माझ्या कामात काढण्यासारखं काही नाही. याहून चांगला ट्रान्सफॉर्मर आज जगात मिळत नाही.”

“आज,” आण्णा म्हणाले.

एवढंच. ते तिला चिडवत नव्हते. त्यांनी तो शब्द नुसता उचलून तिच्यासमोर ठेवला.

“गाणाऱ्याचं चुकलं तर नंतर काढता यावं म्हणून आठ दारं पाडायला निघालीस. एवढी त्याची काळजी. आणि तुझ्या मागनं ह्या पेटीत जो हात घालंल, त्याची?”

नेत्रा गप्प झाली. वाद फुकट मिळतो तशी कधीकधी अक्कलही मिळते, पण ती घ्यायला माणूस गप्प असावं लागतं.

आण्णांनी तिच्या उजव्या हाताचं बोट धरलं. शेजारच्या चौथ्या चॅनेलमध्ये नेलं. तिथे वायरी होत्या तशाच होत्या, वळण घेतलेल्या, लोंबत्या. एका वळणात त्यांनी तिचं बोट घातलं.

बोट आत गेलं. दुसऱ्या वळणात घातलं, तिथेही गेलं. तिसऱ्यातही. सगळी वळणं एका मापाची होती.

गबाळेपणाला माप नसतं. नेत्राला ते आत्ता कळलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. सत्तावीस वायरींच्या त्या बोटबोटभर तुकड्यांचा कचरा तिने स्वतः सुपलीत भरला होता.

“हे कुणाचं काम?” तिने विचारलं.

“ठाऊक न्हाई. माझ्या आधीचा कुणीतरी. मी स्टुडिओत लागलो तवा तो गेलेला.”

“म्हणजे तुम्ही त्याला पाहिलंच नाही?”

“न्हाई. पण त्यानं मला बघितलं हुतं.”

नेत्राचं बोट अजून त्या वळणात होतं.

“ह्या बोटभर वायरीवर मी जगलो, पोरी. काहीबी जळलं, तुटलं, तर नवं बसवायला जागा हाय. कंडेन्सर बदलले, रेझिस्टर बदलले. ह्यो ट्रान्सफॉर्मर, ज्याला तू जुना म्हणतीस, त्यो बी मूळचा न्हवं. मी बसवलाय. आठबी.”

नेत्राला क्षणभर समजेना.

“म्हणजे... मी जो आवाज ऐकला...”

“कुठल्या सालची टेप?”

तिने साल सांगितलं.

“मग त्यो माझा बदललेला.” आण्णा थोडे लाजले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लाजला की फार सुंदर दिसतो. “मूळचा जरा कोरडा हुता.”

नेत्रा खाली फरशीवरच बसली. अकरा वर्षं ती ज्या अस्सल, न शिवलेल्या, मूळच्या आवाजाच्या मागे धावली, तो या म्हाताऱ्याने बदलून केलेला होता. आणि तिने तेच करायला हात घातला होता. फरक बोटभर वायरीचा होता.

घड्याळात चार वाजले, साडेचार वाजले. दहावा दिवस संपत होता. नेत्राने पाचच्या गाडीसाठी बॅग भरायला घेतली. कपडे कोंबता कोंबता थांबली आणि परत आत आली.

“आण्णा, मला अजून सात दिवस द्याल?”

“ट्रान्सफॉर्मरला सहाच वायरी हायत. सात दिस कशाला?”

“सत्तावीस आहेत. मी सत्तावीस कापल्या.”

आण्णांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

“पाचची गाडी रोज असती,” ते म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

तिच्या पुण्याच्या स्टुडिओतून फोन येत राहिले. तिने पहिले दोन दिवस उत्तरं दिली, नंतर फोन उशीखाली ठेवला. तिसऱ्या चॅनेलमधली एकेक वायर तिने मुळापासून काढली आणि नवी घातली, प्रत्येकीला वळण ठेवून. पहिल्या दिवशी चार झाल्या. आण्णा दारात आले.

“माप कशाचं?”

“बोटाचं.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

आण्णांनी आपला पंजा पुढे केला. एकेक बोट जाड, पुढे चपटं, जन्मभर स्क्रू फिरवून झालेलं. त्यांनी ते तिच्या वळणात घालून पाहिलं. बोट अर्ध्यातच अडलं.

आण्णा निघून गेले.

नेत्राने चारही वायरी काढल्या. पुन्हा घातल्या, या वेळी अंगठ्याच्या मापाने. मग मनात आलं, पुढचा माणूस आणखी धिप्पाड असला तर? तिने सुवर्णावहिनींच्या नवऱ्याला बोलावलं. तो कुस्ती खेळलेला गडी. त्याच्या अंगठ्याचं माप घेतलं. तो बिचारा माइकसमोर काही बोलावं लागेल म्हणून केस विंचरून आला होता.

तिला धास्ती होती ती घरघरीची. वायरी लांब झाल्या, आता पेटी गुणगुणणार. म्हणून तिने वळणं कशी ठेवावीत यावर दोन दिवस घालवले. शेवटी चौथ्या चॅनेलकडे नीट पाहिलं. त्या अनोळखी माणसाने आधीच वाट काढून ठेवली होती. दोन दोन वायरींची वळणं उलट सुलट ठेवलेली, म्हणजे एकीने पकडलेली घरघर दुसरी मारणार. तिने पुस्तकात वाचलेलं सूत्रच हे. कुणी तरी ते चिमट्याने लिहून ठेवलं होतं आणि ती नऊ दिवस त्याच्यावर कात्री चालवत होती.

“केवढा माणूस असेल हा,” ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं.

सातव्या दिवशी तिचा लिंबाएवढा ट्रान्सफॉर्मर परत आत बसला आणि काम झालं. दिसायला पहिल्याइतकं देखणं नव्हतं. बर्लिनच्या माणसाला फोटो पाठवला असता तर त्याने विचारलं असतं, बाई, तब्येत बरी आहे ना? पण तिने मीटर लावून पाहिलं, घरघर केसभरही वाढली नव्हती. सुवर्णावहिनींनी माइकपुढे उभं राहून घरातल्या झाडून सगळ्यांना बोलून घेतलं. आवाज तसाच आला. श्वास, बांगड्या, काळजी, सगळं.

आण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“बाजूला बस,” ते म्हणाले.

नेत्रा बाजूला बसली.

आण्णांनी पेटी बंद केली. दिवा टेकवला, तो पेटला आणि विझला. त्यांचा डावा हात पाठीमागे गेला. उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न आलं. आणि त्यांनी नेत्राचा ट्रान्सफॉर्मर काढायला सुरुवात केली.

नेत्रा ताडकन उठली.

“आण्णा, अहो...”

त्यांनी मान वर केली नाही.

ती परत बसली. पेटी गेली, हे तिला कळून चुकलं. अकरा वर्षं शोध, सतरा दिवस काम, आणि शेवटी हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत ते उचकटून काढतोय. बरं, कुठे चुकलं तेही सांगत नाही. तिला रडू येत होतं आणि तरीही ती बघत होती, कारण बघण्यासारखंच होतं ते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो एक हात. टाक्यावर उष्णता जाऊ द्यायचा, थांबायचा, आणि सोल्डर वितळलं त्या क्षणी वायर अलगद उचलायचा. त्यांचं जाड बोट वळणात सहज जात होतं. वायर मागे सरकवायचे, ती सरकायची. कुठे ओढाताण नाही, कुठे झटापट नाही. सहा टाके सुटले. लिंबाएवढा ट्रान्सफॉर्मर बाहेर आला. नारळाएवढा आत गेला. पहिली वायर पोचली. दुसरी पोचली. सहाही पोचल्या, आणि तरी वळण उरलं.

पाऊण तास लागला. आण्णा एकदाही कावले नाहीत. एकदाही ‘च्’ म्हणाले नाहीत.

मग त्यांनी पेटी सुरू केली, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून स्वतःच माइकवर दोनदा खाकरले, ऐकलं, मान हलवली. पेटी बंद केली. फडक्याला हात पुसले आणि नेत्राचा ट्रान्सफॉर्मर तिच्या हातात ठेवला. तो अजून कोमट होता.



“आण्णा... एवढं वाईट झालं होतं?”

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं.

“टेम्पो सांगून ठेव उद्या सकाळचा. चार माणसं लागतील उचलायला.”

“म्हणजे पेटी... मग काढलंत का माझं?”

“चांगलं हुतं, पोरी. म्हणून तर निघालं.”